ट्रॅक्टरच्या पोटातलं ताक

बळवंतला घाणीचा भारी तिटकारा, आणि सगळं आयुष्य गेलं ग्रीसमध्ये. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये शिरला की तो आधी कोपरापर्यंत साबण चोळायचा, मगच चहाच्या कपाला हात लावायचा. बायको भानुमती म्हणायची, "अहो, कातडी तरी ठेवा अंगावर!" सरकारी रोपवाटिकेत तो तीस वर्षं मेकॅनिक होता. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

त्या सकाळी माळीकाम करणारी राधा तणतणत आली. "बाबूजी, रोटावेटर ऊपर टिकता ही नहीं. मैं नीचे से जड़ निकाल रही थी, धप्प से आ गया!" ट्रॅक्टरमागचं ते माती उकरणारं अवजार पडून तिच्या चपलेचं टोक चिरडलं होतं. पाय थोडक्यात वाचला होता.

बळवंतने छोटा ट्रॅक्टर दहा मिनिटं चालवून तेल गरम केलं, पोटाखाली घमेलं सरकवलं आणि तेल सोडायचा बोल्ट काढला. मधासारखी धार यायला हवी होती. आलं ते ताक. पांढुरकं, फेसाळ, मधूनच गुठळ्या, आणि वास तर असा आंबूस की त्याने तोंड फिरवलं. फिल्टर ओढला तर बोटांना शेंबडासारखा लगदा चिकटला.

"शी! पाणी गेलंय आत."

कुठून गेलं तेही दिसत होतं. साहेबांना चकचकीत दिसावा म्हणून ट्रॅक्टर रोज जोराच्या पाण्याने धुतला जायचा, आणि गियरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं होतं. अशा ट्रॅक्टरची अवजार उचलणारी लिफ्ट आणि गियर एकाच तेलावर चालतात. तेल नासलं की सगळंच नासतं.

रोपवाटिकेचा तरुण इंजिनियर हेरंब नाक दाबून वाकला. "काका, अकराला इन्स्पेक्शन आहे. चलो, नवीन तेल ओता पटकन."

"या चिखलावर? उलटी केलेल्या भांड्यात खीर वाढतोस का रे तू?"

"यार काका, ऑगस्टमध्येच तर बदललंय. हे बघा रजिस्टर."

त्यात लिहिलं होतं: तेल बदलले, फिल्टर बदलला. पण आत्ता निघालेला फिल्टर तर जुनाच होता. खाली सही होती, बळवंतचीच. त्या दिवशी गुडघा ठणकत होता. तेल बदलायला आलेला ठेकेदाराचा माणूस "हो गया जी" म्हणाला, आणि बळवंतने खुर्चीतूनच सही ठोकली होती. आता त्या वळणदार अक्षरांकडे बघून त्याला घमेल्यापेक्षा जास्त किळस आली.

"घमेलं मागे लपवा," हेरंब कुजबुजला. "चौकशी लागली तर पेन्शन अडकेल तुमची."

 बळवंतने ट्रॅक्टरचं पोट धुण्यापुरतं तेल ओतलं, इंजिन फिरवलं, लिफ्ट वरखाली केली आणि ते तेल पुन्हा घमेल्यात सोडलं. पुन्हा पांढरंच.

अकराला साहेब आले. त्यांनी रुमाल नाकाला लावला. "ये क्या गंदगी है? किसका काम है?"

"सर, वो ठेकेदार का आदमी..." हेरंबने सुरुवात केली.

"तेल उसने नहीं बदला, साहब," बळवंत ट्रॅक्टरखालून उठत म्हणाला. "और बिना देखे साइन मैंने किया." त्याने रजिस्टर पुढे धरलं. सहीशेजारी त्याची मळकी बोटं उमटली. "अभी दो बार और धोना पड़ेगा. तब तक राधा इसके नीचे नहीं जाएगी."