न फुटणारी बांगडी

ढाणकीच्या बाजाराला निघताना बायकोच्या बांगडीचं माप मी अंगठा नि तर्जनी जोडून घेतलं आणि तो गोल तसाच धरून चालत गेलो. वाटेत एका ओळखीच्याने हात जोडले, मीही जोडले. राम राम झाला, माप गेलं. मग अंदाजाने पुन्हा गोल केला. बोटं माझीच, चुकतील कशाला?

कासार म्हणाला, ही काचेची नाही, प्लास्टिकची. आपटली तरी फुटत नाही. साठ सालाच्या आसपास आमच्याकडे ही नवलाई होती. घरी येऊन मी साबण लावला आणि बायको नको नको म्हणत असताना दाबली. अंगठ्याच्या बुडाशी अडकली. ना पुढे, ना मागे. सकाळी हात सुजून निळा पडलेला.

"थांब, तोडतो," मी म्हणालो.

चुलीपुढून माय कडाडली, "जिभेले काही हाड हाय का तुह्या? सवाशिणीची बांगडी तोडत नसतात, वाढवतात म्हणावं!"

आमच्यात बांगडी तोडतात ती नवरा गेल्यावर. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की तेवढी वाट पाहायलाही ती तयार असावी.

"तोडा नाहीतर वाढवा," ती म्हणाली, "बोटं मुकी होऊन राह्यली माही!"

विळा लावला, तो घसरून माझ्याच अंगठ्याला लागला. छत्रीची काडी चुलीत लाल करून टेकवली, तर घरभर शिंग जळल्यासारखा वास सुटला आणि बायकोने मला लाथ घातली. दगडाने ठोकायचं नुसतं म्हणालो, तर दोघींनी मिळून मला शिव्या दिल्या. सासू-सून महिनाभर बोलत नव्हत्या. त्या सकाळी एक झाल्या, माझ्याविरुद्ध.

शेवटी अंबाडीची सुतळी आठवली. माय हात धरायला येईना. सवाशिणीचा हात ओका राहू नये म्हणून आधी सुनेच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला, मगच बसली. मी कातडी आणि बांगडीच्या फटीतून सुतळी ओवली, खाली ओल्या फडक्याची चिंधी सरकवली आणि दोन्ही टोकं वर ताणून ताक घुसळल्यासारखी ओढू लागलो. प्लास्टिक तापून मऊ पडायचं, सुतळी आत शिरायची, तुटायची. मी दुसरी ओवायचो.

"हळू! हात हाय तो, रवी नाही!" बायको ओरडली.

कट्‌ झालं. बांगडी उघडली. बोटांत रक्त परतलं तशी ती पहिल्यांदा रडली.

मी कापलेली बांगडी हातात धरून म्हणालो, "वाढली एकदाची. पुढच्या बाजारी काचेचीच आणतो."

"पुढच्या बाजारी हात मीच घेऊन जातो," ती म्हणाली. "तुमी घरी बसा, बोटं धरून."