जिकडेतिकडे वृंदाची भाजणी

काय सांगू तुम्हाला, जिच्यावर मी जळत होते तिचाच धंदा मी स्वतःच्या हातांनी वाढवला! हसू नका. आधी ऐका.

ह्यांची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही जळगावहून जयपूरला आलो. इथून मी थालीपीठाची भाजणी इंटरनेटवर विकते. साइटसुद्धा स्वतः शिकून बनवली. ऑर्डरी मात्र अगदीच तुरळक. शेवटी हे म्हणाले, "होळीपर्यंत बघ. नाहीतर बंद कर."

आणि नेमकी तेव्हाच वृंदा उगवली! आयटीतली पोरगी, शेजारच्या सोसायटीत राहणारी. नोकरी सांभाळून तीही भाजणीच विकणार! का? जगात दुसरं पीठ नव्हतं?

तिची साइट मी रोज बघायला लागले. सकाळी चहाबरोबर, दुपारी ओटा आवरून, अगदी नेमाने. कुरियरचे किती घेते ते कळावं म्हणून एकदा दोन पाकिटं साइटवरच्या टोपलीत टाकली आणि न मागवताच बाहेर पडले.

मग सुरू झालं! बातम्या उघडल्या, वृंदाची भाजणी. पंचांग उघडलं, वृंदाची भाजणी. पाहुण्यांना आमेरचा किल्ला दाखवायला नेलं, तर तिथंही फोनवर तीच! वर लिहिलेलं काय? 'अजून विचार करताय? तुमची टोपली वाट बघतेय!'

मला डिवचतेय, दुसरं काय!

"केवढा पैसा ओतत असेल हो!"

"मला तर कधी दिसली नाही," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

हळदीकुंकवाला बायकांपुढे विषय काढला. सुलभाताई जयपुरातच वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "मतलब, आमच्या फोनवर तर असलं काही येतच नाही."

"असं कसं? द्या इकडे!" मी एकेकीचा फोन घेतला आणि वृंदाची साइट उघडून दाखवली. "ही बघा ती. लक्ष ठेवा!"

बायकांनी लक्ष ठेवलं. पुढच्या आठवड्यात वृंदाकडे हळदीकुंकू होतं, तिथे सुलभाताई दारातूनच म्हणाल्या, "अगं वृंदा, आता आम्हालाही दिसते तुझी जाहिरात! मी तर मागवली पण. काय खुसखुशीत थालीपीठं झाली!"

"मीही मागवली!"

"मी तर बहिणीलाही पाठवली!"

मला राहवेना. "वृंदा, खरं सांग, साऱ्या जयपूरला जाहिरात दाखवायला किती उधळतेस?"

"साऱ्या जयपूरला कुठे, काकू?" ती हसली. "माझी साइट जो उघडून बघतो ना, त्याच्याच मागे ती जाहिरात फिरते. तुम्हाला दिसली का?"

मी घाईघाईने तिळगूळ तोंडात कोंबला.

"दिसली का काय!" सुलभाताई कसल्या गप्प बसतायत. "यांना तर आमेरच्या किल्ल्यावर दिसली!"

जी काही खसखस पिकली, विचारू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे पोरगी चांगली निघाली. "काकू, आधी नाही का सांगायचं? तुमच्या साइटलाही तशी जाहिरात लावून देते," म्हणत तिनं सगळं जुळवून दिलं.

आणि काय सांगू! दोनच दिवसांत माझ्या फोनवर जे उघडावं तिथे माझी भाजणी! मी तडक वृंदाला फोन लावला. "अगं, जिकडेतिकडे मीच! किती लोकांना दिसत असेल गं?"

तिनं आकडे उघडले.

"काकू, रागावू नका हं... सध्या एकाच फोनवर दिसतेय."