घोडीची तिसरी पापणी

लग्न होऊन मी झाशीत आले. आमचे हे रेल्वेत होते. मी घरी बसून वरातीच्या घोड्यांच्या झालरी शिवत असे. मखमलीची पट्टी कपाळावर आणि तिला डोळ्यांपर्यंत लोंबणारे जरीचे गोंडे. परक्या माणसापुढे माझे तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक अंगणातून बोलायचे, मी दाराआडून हूं म्हणायची.

एका दिवाळीनंतर एक घोडीवाला आपली पांढरी घोडी घेऊन आला.

"भाभीजी, बाईं तरफ की झालर तनक लंबी रखियो. चार उँगल."

एकच बाजू लांब कशाला? मी पदर सावरून बाहेर आले आणि जुने गोंडे वर उचलले. घोडीच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात गुलाबी, खडबडीत मांस वाढले होते. त्यावर माश्या बसत होत्या.

"आँख आई है. फिटकरी लगा रहे हैं."

"कब से?" तुरटीचे ऐकून मी विचारले.

"होली से." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कानी घोडी पे दूल्हा कौन बिठाएगा, भाभीजी? ढँकी रहने दो."

त्याचे घर त्या घोडीवर चालत होते. पण झाकून डोळा वाचणार नव्हता.

"पहले डॉक्टर को दिखाओ, फिर सिलूँगी," मी म्हणाले.

आत आले तर यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलेले. "आत्ता बाहेर कोण बोलली? आपल्याकडे पाहुणी आली आहे का?"

यांनीच ओळख काढून जनावरांचे सर्जन गाठले. ते म्हणाले, हा कॅन्सर आहे. पांढऱ्या घोड्यांच्या गुलाबी कातडीला उन्हाने होतो. घोड्याला आत तिसरी पापणी असते, ती काढायची. डोळा राहील. अजून थांबलात तर डोळाही जाईल आणि घोडीही.

घोडीला आडवे पाडावे लागले नाही. इंजेक्शनने ती उभ्याउभ्या पेंगली, डोळा बधिर केला, मान उंच स्टुलावरच्या गादीवर टेकवली आणि पापणी कापून काढली. तुकडा तपासणीला गेला. कापलेल्या कडेला रोग थोडा उरला होता, म्हणून कॅन्सरवरचे थेंब दिले: दिवसातून चार वेळा, एक आठवडा घालायचे, एक आठवडा बंद. हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

घोडी मान झटके आणि घोडीवाल्याचा नेम चुके. थेंब जमिनीवर. शेवटी मीच हातमोजे चढवले. मनगट तिच्या गालाच्या हाडावर टेकवले की मान हलेल तसा हात हलतो. शिवताना सरकत्या मखमलीबरोबर हात न्यायची सवय मला होतीच. घोडीची ती लग्नसराई आमच्या अंगणातच गेली.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळा पाहिला. खालची पापणी उलटून पुन्हा पाहिला.

"साफ है. दवा किसने डाली?"

घोडीवाल्याने माझ्याकडे बोट केले. हे शेजारीच उभे होते, पण मी यांच्या मागे सरकले नाही.

"मैंने. एक भी बार नहीं चूकी."

"हर छह महीने में दिखाना पड़ेगा."

"दिखाएँगे," घोडीवाल्याच्या आधी मीच म्हणाले.