वास घेतलेलं फूल

ताम्हन अर्धं लख्ख आणि अर्धं काळं असताना मच्छिंद्ररावांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "मंदा, हात मोकळे आहेत का गं?"

हात मोकळे नव्हते. चिंचेच्या कोळाने मनगटापर्यंत बरबटले होते. पण ही हाक कशासाठी असते ते मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ताम्हन तसंच बाजूला ठेवलं आणि डाळीच्या पिठाने हात धुतले. साबणाला वास असतो, म्हणून पीठ. पदराला न पुसता हात वाळवत त्या बाहेर आल्या.

टेबलावर पाच लहान बाटल्या होत्या. नाव कुठलंच नाही, चिकटपट्टीवर नुसता आकडा. पहिली हुंगून झाली. मच्छिंद्ररावांनी दुसरीतली घोटभर वाइन ग्लासात ओतली, ग्लास गोल फिरवला आणि सवयीने आधी स्वतःच्या नाकाशी नेला. मग बायकोपुढे धरला.

मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले. "जांभूळ. म्हणजे गर नव्हे, बी चावली की येतो तो. आणि नव्या माठात पहिलं पाणी ओततो ना, तसं काहीतरी."

"आणि?"

"आणि चहा टाकायचाय."

ते हसले नाहीत. लिहीत होते. माठाची 'ओली माती' झाली, जांभळाच्या बीचा 'संयत तुरटपणा' झाला. चौथ्या बाटलीनंतर मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आता सगळ्याला एकच वास यायला लागलाय."

"थकलं असेल नाक. पाचवी संध्याकाळी बघू. उद्या सकाळी माणूस येईल टिपण न्यायला."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, पण ताम्हनाला हात लावला नाही. आता पुन्हा अंघोळ केल्याशिवाय लावायचा नव्हता.

हा नेम त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही, हे त्या परकर नेसत होत्या तेव्हापासून शिकल्या होत्या. हुंगलं की ते उष्टं झालं. मोगऱ्याची ओंजळ भरून आणतानासुद्धा त्या श्वास आवरून धरत. मग वाइन हुंगणं म्हणजे काय? निम्मी पिणंच ते. कोणाला विचारायला जायची सोय नव्हती, कारण विचारायचं तर का हुंगता ते सांगावं लागलं असतं. म्हणून सकाळी आधी पूजा उरकायची, मग बाटल्या, आणि त्यानंतर अंघोळ होईपर्यंत देवघराकडे फिरकायचं नाही.

मच्छिंद्रराव वाघोलीचे. घरची शेती होती तेव्हाचे. दहावीनंतर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ग्लास पुसायला लागले, आणि पुसता पुसता तळाच्या थेंबाचा वास घेऊन कुठल्या टेबलावर काय प्यायले ते सांगू लागले. तिथल्या मॅनेजरने हे हेरलं आणि त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. पुढे द्राक्षांची वाइन गावोगाव होऊ लागली, तशी यांच्या नाकाला किंमत आली. वायनरीवाले नमुने पाठवू लागले. एका वर्तमानपत्रात रविवारचा मजकूर सुरू झाला. पहिल्याच लेखावर सदाशिव पेठेतून पत्र आलं, 'लेख वाचला. वास आला.' ते पत्र त्यांनी कितीतरी वर्षं पाकिटात बाळगलं होतं.

त्यांचे वडील सर्जेराव मात्र शेवटपर्यंत म्हणत, "पितो म्हन. हुंगतो काय सांगतोस?"

मच्छिंद्ररावांचं एकच स्वप्न होतं, की घरच्यांनी एकदा आपल्याबरोबर जेवताना बोटभर वाइन घ्यावी. दारू म्हणून नव्हे, ताटातला एक पदार्थ म्हणून. पन्नाशीच्या वाढदिवसाला त्यांनी वाघोलीच्या सगळ्यांना कोथरूडला बोलावून चांगली बाटली फोडली. सर्जेराव ताटावरून उठले. भावजयांनी तोंडाला पदर लावला. आई बायडाबाईंनी तेवढा ग्लास घेतला, लेकाकडे बघत मान डोलावली आणि आत नेला. मच्छिंद्ररावांचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने ते आत गेले, तर आई पाय पसरून गुडघ्याला वाइन चोळत होती. "गरम पडतीया," म्हणाली, "आनखी हाय का?"

मंदाकिनीबाईंनी त्या दिवशीही घेतली नव्हती. पण नवऱ्याच्या नाकासाठी त्यांनी घरातली उदबत्ती बंद केली होती. देवापुढे फक्त निरांजन. कापूर लावायचा तो संकष्टीच्या आरतीला, तोही गॅलरीत.

मग ती साथ आली. तापातून मच्छिंद्रराव उठले, पण एका दुपारी दूध करपून घरभर धूर झाला आणि ते गॅसपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले मंदाकिनीबाईंना दिसले. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट बघा. दोन वर्षं वाट बघून झाली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ज्याचं नाक गेलं त्याला कोण नमुने पाठवणार? एके दिवशी त्यांनी ग्लास बायकोपुढे धरला आणि म्हणाले, "नुसतं सांग. काय आठवतं ते सांग."

तेव्हापासून हे चाललं होतं. आणि त्याचं एक वेगळंच फळ मंदाकिनीबाईंच्या पदरी आलं होतं. त्यांचं नाक आता आवरेना. मोगरा हातात घेतला की वास आपसूक आत शिरे आणि मनात शब्द उमटत, ओला रुमाल, कोवळी काकडी. फूल देवापर्यंत पोचायच्या आधीच उष्टं. शेवटी त्यांनी मोगरा, निशिगंध, सोनचाफा, सगळं बंद केलं. नुसती जास्वंद. तिला वास नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, अर्धं राहिलेलं ताम्हन घासून काढलं. संकष्टी होती. चंद्र दिसल्यावर आरती झाली, आरतीवर हात धरून त्यांनी ते डोळ्यांना लावले. उपास सोडायला बसणार, तोच मच्छिंद्रराव पाचवी बाटली घेऊन उभे.

"लगेच?"

"एवढी एकच."

मंदाकिनीबाईंनी हुंगलं. "वेगळीच आहे ही. कापूर येतोय हिला."

मच्छिंद्ररावांचा चेहरा उजळला. काही तांबड्या वाइनना असा वास असतो, पण आपल्याकडे तो क्वचितच सापडतो. त्यांनी पानभर लिहिलं. मंदाकिनीबाईंना त्यांना इतकं खुशीत बघून किती दिवस झाले होते.

पुढच्या आठवड्यात वायनरीचा संभाजी जगताप स्वतः आला. हॉटेलात तो मच्छिंद्ररावांच्या हाताखाली शिकलेला. येताना पेढे आणले होते, ते त्याने बराच वेळ मांडीवरच धरून ठेवले.

"सर, टिपण वाचलं. कापराचं छान लिहिलंय."

"सापडला ना तुलाही?"

"नाही ना. म्हणूनच आलो." त्याने पेढे टेबलावर ठेवले. "दोन नंबर आणि पाच नंबर एकच वाइन होती, सर."

मच्छिंद्ररावांनी बायकोकडे बघितलं नाही. चाखणाऱ्याची पारख करायला एकच वाइन दोन आकड्यांखाली पाठवावी, ही रीत त्यांनीच या मुलाला शिकवली होती. ज्याला ती जोडी ओळखता येत नाही त्याचा शब्द धरू नये, हेही त्यांचंच. नमुन्यांत जोडी असणार हे त्यांना माहीत होतं. एक आणि तीन, असं ते धरून चालले होते.

"दोनला तुम्ही जांभूळ लिहिलंय. पाचला कापूर." संभाजी खाली बघून बोलत होता. "तुम्हाला सर्दी वगैरे होती का? तसं असेल तर मी तसं सांगतो वर. पुन्हा पाठवतो बाटल्या. नवीन लोक विचारायला लागलेत, जुनं माणूस कशाला म्हणून. एकदा नीट आलं की त्यांची तोंडं बंद होतील."

सर्दी होती, एवढंच म्हणायचं होतं. मच्छिंद्ररावांनी तोंड उघडलंही. पण मंदाकिनीबाईंच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच चाललं होतं, वाइनमध्ये कापूर आला कुठून, आणि आत्ता ते त्यांना लखकन कळलं.

"त्या दिवशी संकष्टी होती," त्या म्हणाल्या.

संभाजीने वर बघितलं. "वहिनी, संकष्टीचा आणि वाइनचा काय संबंध?"

"आरती केली होती मी. कापूर हाताला होता माझ्या."

बोलून झाल्यावर त्यांना उमगलं आपण काय बोललो ते. संभाजी आधी त्यांच्या हातांकडे बघत राहिला, मग मच्छिंद्ररावांकडे. काय ते त्याच्या लक्षात आलं. तसा तो हुशार.

"कधीपासून, सर?"

"ताप आला त्यापासून."

"सांगायचं तरी."

"सांगून काय केलं असतंस?"

चहा न घेता संभाजी उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "पेपरवाल्यांना मी काही बोलणार नाही."

"ते मीच कळवतो," मच्छिंद्रराव म्हणाले. "खोटं नाक घेऊन किती दिवस लिहायचं?"

तो गेल्यावर मच्छिंद्ररावांनी उरलेल्या पाच नंबरची वाइन दोन ग्लासांत ओतली आणि एक बायकोपुढे सरकवला.

"'मला तोंडघशी पाडलंस' म्हणा तुम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "काहीतरी बोला."

"काय बोलू? खरं तेच सांगितलंस तू." त्यांनी ग्लासाकडे बोट दाखवलं. "घे. निम्मी तर कधीचीच प्यायली आहेस. उरलेली माझ्याबरोबर घे."

इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेलं एवढंच होतं. मंदाकिनीबाईंनी ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. जिभेवर तुरटपणा चढला, घसा कोरडा पडला. डोळ्यांत पाणी आलं. मच्छिंद्ररावांनीही घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"मला नुसतं पाणी लागतं," ते म्हणाले. मग नेहमीसारखे बायकोकडे बघत राहिले. "सांग."

पेन त्यांच्या हातात नव्हतं. जांभूळ होतं, माठही होता, सगळं जागच्या जागी होतं. पण हे आता कोणासाठी सांगायचं ते मंदाकिनीबाईंना कळेना.

"कडू आहे," त्या म्हणाल्या.

मच्छिंद्ररावांनी मान हलवली. दोघांचेही ग्लास तसेच राहिले. संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी ते मोरीत ओतले, डाळीच्या पिठाने धुवायला गेल्या आणि मग साबणानेच धुतले.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्या देवापुढे बसल्या. आता उदबत्ती लावायला हरकत नव्हती. पण घरात उदबत्ती नव्हती आणि आणावीशीही वाटली नाही. वाटलं होतं, बाटल्या सुटल्या की नाकही सुटेल. पण निरांजन लावताच आधी तुपाचा वास आला, मग वातीचा, मग खोबरेलाचा, एकामागून एक, कोणी न विचारता. परडी रिकामी होती. आतल्या खोलीत मच्छिंद्रराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

पायांत चपला सरकवून आणि पिशवी घेऊन मंदाकिनीबाई कोपऱ्यावरच्या फूलवाल्या सरूबाईकडे जास्वंदीची फुलं आणायला गेल्या.