चिकाआडून अकरा माना

तुमच्या वर्गात कोण कोण होतं, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते, माना होत्या. अकरा माना. पोरं हसतात, म्हातारीला भ्रम झाला म्हणतात. म्हणू द्या. हिंगोलीच्या हायस्कुलात पाच वर्षं ज्यांच्यासोबत शिकले, त्यांची तोंडं मला ठाऊक नव्हती. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याला माझा इलाज नाही.

निझामाचं राज्य होतं. शाळा उर्दूतून, आणि मुलांची. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते, घरात चालायचं ते काकांचं. खालची शाळा संपली तेव्हा पुढं शिकायचं म्हणून मी जेवण सोडून बसले. तिसऱ्या दिवशी काका हेडमास्तरांना भेटून आले. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात माझ्यासाठी चिक टांगला गेला, बांबूच्या बारीक काड्यांचा पडदा. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये. मागच्या दारानं यायचं, चिकाआड बसायचं, सगळे गेले की निघायचं. काकांनी अट एकच घातली, "तुझा आवाज चिकाभाईर गेला, की शाळा बंद. समजलं?" मी मान हलवली. मला मॅट्रिक व्हायचं होतं. काहून, ते धड सांगता आलं नसतं, पण व्हायचंच होतं.

दुपारी ऊन चिकातून गाळून यायचं आणि माझ्या वहीवर बारीक पट्टे पडायचे. खिडकीतून कडुलिंबाच्या मोहोराचा कडसर वास. मास्तर फारसी बैत, दोन ओळींच्या कविता, म्हणत, मुलं त्यांच्यामागून म्हणत. अर्थ कुणालाच लागत नसे, सूर मात्र लागायचा. मग मला वाटायचं, आपण झोपेत आहोत, आणि ही शाळा, हा सूर, पुढं बसलेल्या या माना, सगळं आपल्यालाच पडलेलं स्वप्न आहे. जाग आली की आपण घरी चुलीपुढं असू. कितीदा तरी मी तिथं बसून स्वतःला चिमटा काढला आहे.

चिकाला लागून शिरड शहापूरचा मुलगा बसे. त्याच्या कानामागं जुन्या भाजल्याचा डाग होता. हजेरीला सगळे 'हाजिर जनाब' म्हणत, मी पाटीवर पेन्सिल ठोकायची. हिसाबाचं उत्तर पाटीवर लिहून चिकाखालून सरकवायची. तो मागं न बघता हात मागं करायचा आणि पाटी मास्तरांकडं न्यायचा. इतक्या वर्षांत तो एकदाही वळला नाही. आधी मला वाटलं, गडी घमेंडी आहे. नंतर कळलं, वळायचं नाही असं सगळ्या वर्गानंच आपसात ठरवलं होतं. पाटी मात्र मास्तरांपर्यंत पोचायला फार वेळ घ्यायची. वाटेत एकेक मान तिच्यावर वाकायची, आणि त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं बराबर यायची. चोर सगळे. मला फार बरं वाटायचं.

दुसरा लक्षात राहिलेला म्हणजे सेनगावकडच्या तांड्यावरचा. आठवड्याच्या भाकरी बांधून घेऊन पायी यायचा. केस आईनं घरीच कापलेले, एका बाजूला जास्त. त्याचा आवाज अजून फुटला नव्हता, आणि सगळे त्याला त्यावरून छळायचे.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. जुगराफियाचे, म्हणजे भूगोलाचे, मास्तर नकाशा टांगून खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. तोंड उघडं, पागोट्याचा शेव खांद्यावरून खाली लोंबलेला. उघड्या दारातून कुणाची तरी शेळी आत आली. इकडंतिकडं बघितलं, आणि जाऊन निवांत तो शेव चघळायला लागली. अकरा माना गदगदायला लागल्या. कुणी उपरणं तोंडात कोंबलं, कुणी पुस्तक. पागोटं हळूहळू उलगडत चाललं. मास्तरांनी झोपेतच शेळीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बैठो बेटा."

मला हसू फुटलं. कितीही तोंड दाबलं तरी थांबेना. चार वर्षांचं साचलेलं होतं सगळं, ते खळाळून बाहेर पडलं. वर्ग एकदम गप्प झाला. रस्त्यावरून काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ चालले होते, त्यांनी ऐकलं. त्यांना तेवढंच काम.

संध्याकाळी काकांनी मला समोर उभं केलं नाही की ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून घरी ऱ्हा." मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. मी त्या रात्री काकांचा, शेळीचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या तोंडाचा राग राग केला.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी सकाळी अंगणात पावलं वाजली. मी आत माजघरात होते, दार लोटलेलं. शिरड शहापूरच्या मुलाचा आवाज ओळखला.

"काका, त्या दिशी वर्गात हसलं ते आमच्यातलं पोरगं व्हतं."

"कोन?"

"मी जी," तांड्यावरचा म्हणाला. ज्या आवाजावरून वर्षभर छळ सोसला, तो आवाज त्यानं आणखी बारीक केला होता.

"हस बरं."

त्याला हसू येईना. घाबरलेल्या माणसाला हस म्हटल्यावर काय हसणार तो? एक केविलवाणं खिंकाळणं निघालं. मग दुसरा म्हणाला, न्हाई काका, मीच हसलो व्हतो, आणि त्यानंही हसून दाखवलं. मग तिसरा. अकराच्या अकरा जण एकामागून एक हसले, एकाहून एक भिकार. मी दारामागं पदर तोंडात धरून रडत होते.

"बस करा रे," काका म्हणाले. "गल्ली गोळा होऊन राहिली." मग त्यांनी विचारलं, "तुमच्यातल्या कुनी माझ्या पोरीला पाह्यलंय का?"

"न्हाई जी."

"मंग इतकी तकलीफ काहून?"

शिरड शहापूरचा म्हणाला, "आमच्या वर्गातली हाय ती."

काका माझं हसणं पाळण्यापासून ओळखत होते. ते आत आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या शाळेत जाय."

पुढचं वर्ष कसं गेलं ते धुक्यात बघावं तसं दिसतं. देश स्वतंत्र झाला, आम्ही मात्र निझामातच राहिलो. गावात दहशत, शाळेत कुजबुज. मग चिकातून दिसणाऱ्या माना एकेक करून कमी व्हायला लागल्या. मुलं शाळा सोडून हद्द ओलांडून वऱ्हाडात जात होती, निझामाविरुद्धच्या चळवळीत. एका कारकुनाचा मुलगा बापाच्या बदलीनं हैदराबादला गेला. शिरड शहापूरचा गेला त्या दिवशी मी पाटी सरकवली, आणि ती तिथंच पडून राहिली.

मी काकांना म्हटलं, मीही बसत नाही परीक्षेला. काका कधी नव्हे ते चिडले. "त्या पोरांनी तुझ्यासाठी माझ्या अंगणात माकडावानी हसून दाखवलं. आता तू मागं फिरलीस तर मी त्यायला काय सांगू?" गाडीनं ते मला परभणीला घेऊन गेले. परीक्षेच्या हॉलात चिक नव्हता. आमच्या वर्गातली मी एकटी. मी मॅट्रिक झाले, घरी पेढे वाटले, आणि मला तो पेढा गोड लागला नाही.

निझामाचं राज्य गेलं, मुलं परत यायला लागली. एके दिवशी काकांनी मला ओसरीवर बोलावलं. दोघे उभे होते. "ह्यायला परीक्षेला बसायचंय, हिसाब इसरलेत. शिकवशील?"

एकाच्या कानामागचा डाग मी बाजूनं ओळखला. दुसऱ्याचे केस अजून एका बाजूला जास्त होते, पण आता त्याला मिसरूड फुटलं होतं. मला बघितल्याबरोबर दोघांनी माना खाली घातल्या, वळले, आणि माझ्याकडं पाठ करून खाली बसले.

"तोंड इकडं करा," मी म्हटलं. वर्गसोबत्यांशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

दोघे वळले. पुढच्या वर्षी दोघेही मॅट्रिक झाले, आणि माझ्या निकालाला आलं नव्हतं ते रडू मला त्यांच्या निकालाला आलं. उरलेले नऊ कुठं गेले, कळलं नाही. एखादा कधी बाजारात समोरून आलाही असेल. मी त्याला ओळखलं नसेल, त्यानं मला ओळखलं नसेल, आणि आम्ही एकमेकांना वाट देऊन पुढं गेलो असू.