तिसऱ्या प्रकरणातली पायरी

एव्हिलाझिओ गवंडी. ब्राझीलमधल्या कारिरी भागातल्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या, आणि तोंड मात्र थापीपेक्षा जोरात चालायचं. बडबडीच्या नादात एकदा त्याने एका खोलीला दारच ठेवलं नाही. आतून हाका मारत बसला!

अशा माणसाची पोर गणितात, बानाख अवकाशांमधल्या बहुपदींवर, प्रबंध लिहिते म्हटल्यावर तो घरी बसतोय होय? तोंडी परीक्षेला आमच्याकडे सगळा गोतावळा येतो. बायको, मेहुणा आणि मक्याचा केक घेऊन स्वारी कांपिना ग्रांजीच्या विद्यापीठात पोचली. पोर जुसिलेनी आज डॉक्टर झाली, की सोमवारी कॉलेजातली नेमणूक पक्की.

ती छान बोलली. बापाला ओ की ठो कळत नव्हतं, पण मान डोलत होती. मग परीक्षक वालकिरियाबाईंनी विचारलं, "बाळ, तिसऱ्या प्रकरणातली ही पायरी रेषीय असेल तिथं चालते. वर्ग घेतला तरी चालेल?"

"चालेल... म्हणजे..."

जुसिलेनीने फळ्यावर लिहिलं: पहिल्या जागी एक, बाकी शून्यं. मग दुसऱ्या जागी एक. मग तिसऱ्या. एक पुढं पुढं पळतोय. कुठल्याही एका जागेवर नजर ठेवा, शेवटी शून्यच दिसणार. पण सगळ्यांच्या वर्गांची बेरीज? दर वेळी एक. ती शून्याकडे जायचं नावच घेईना.

तिने खडू ठेवला. "नाही चालत. आणि पुढची दोन्ही प्रकरणं हिच्यावरच उभी आहेत."

निर्णयासाठी सगळ्यांना बाहेर काढलं.

"किती दिवसांची डागडुजी गं?" एव्हिलाझिओने विचारलं.

"डागडुजी नाही, बाबा. विधानच खोटं आहे."

"मग पाडून पुन्हा बांधू की! मी थांबतो इथं."

"थांबून तुम्ही काय करणार?"

"केक तरी कापू का?" मेहुणा म्हणाला.

"गप रे! पोट आहे का पखाल?" एव्हिलाझिओ खेकसला.

दार उघडलं. पदवी नाही.

एव्हिलाझिओ आत शिरून बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "बाई, तुम्ही ती पायरी बघितलीच नाही असं समजा ना."

"समजले असते हो. पण तिनंच लिहून दाखवलंय."

त्याने फळ्याकडे पाहिलं. खिशातला रुमाल काढला आणि एकेक ओळ पुसायला लागला.

"बाबा, पुसून काय होतंय?"

"ठाऊक आहे गं मला," तो म्हणाला, आणि पुसत राहिला.