पडलेल्याची दोन मिनिटं

आमच्या भागात मला चांगली बाई म्हणून ओळखतात, आणि त्याचं कारण कुणी माझ्यासमोर काढलं की माझा घास तोंडात फिरतो. "हिनं नवऱ्याला मारामारीतून सोडवला बघा," असं म्हणतात. कुणाचा मुलगा वाया गेला, कुणाचा नवरा ऐकत नाही, की हळदीच्या मांडवात माझा दाखला देतात. मी पदर खोचते आणि वाढायचं निमित्त काढून दुसऱ्या पंगतीला जाते. सोडवला हे खरं आहे. कसा सोडवला ते या वर्षापर्यंत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

माझा नवरा ब्रह्मदेशातला. आता त्या देशाला म्यानमार म्हणतात, पण आमच्या गावाला त्याचं काही नाही. डोळे बारीक दिसले की माणूस नेपाळी, विषय संपला. माझं माहेर मुरबाडच्या बाजूला, पणजोबांच्याही आधीपासून भात लावणारं. त्या घरात असा जावई येईल असं कुणाच्या मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं.

त्याच्या मुलखात मुक्क्यांचा एक खेळ आहे. हातात मोजे नाहीत, काही नाही. मुठीला कापडाची पट्टी गुंडाळायची आणि समोरच्याला भिडायचं. आईवडील लवकर गेले, मोठ्या भावानं याला वाढवला, आणि मूठ आवळायलाही त्यानंच शिकवलं. गावोगावच्या उत्सवांत हा लढायचा, लोक नावानं ओळखायचे. पुढे तिकडे तरण्या पोरांना पकडून सैन्याची ओझी वाहायला न्यायला लागले, तेव्हा त्याच भावानं याला डोंगरापलीकडे हाकलला. मिझोराम, गुवाहाटी करत तो मुंबईच्या गाडीत बसला. कसाऱ्याला गाडी थांबली, हा पाणी प्यायला उतरला, आणि गाडी गेली निघून. मग तिथेच रस्त्याच्या कामावर लागला. मुंबई त्यानं पाहिली ती फार नंतर, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, आणि त्याला आवडली नाही.

आमची गाठ पडली ती आसनगावजवळच्या गोदामात. मी पॅकिंगला, तो गाड्या भरायला. जेवणाच्या सुट्टीत मला त्याचे हात दिसायचे. बोटांचे सांधे सपाट झालेले, त्यावर जुने पांढरे वण. मी विचारलं तर म्हणाला, "लढायचो." मला वाटलं, गुंड आहे. तसं तोंडावर म्हणालेही. तो इतका हसला की डब्यातली भाजी सांडली. पुढचं सांगत बसत नाही. माझे भाऊ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत आणि आईनं लग्नात एकही फोटो नीट काढू दिला नाही, एवढं पुरे.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो तेव्हा त्यानं एक घोळ घातला. सकाळी उठून हा अंगणात गेला आणि मुठी घट्ट करायला म्हणून भाताच्या भरल्या पोत्यावर मुक्के मारायला लागला. आई चुलीपुढून धावत आली. "आरं, अन्नाला मारतो का? लक्ष्मी हाय ती!" तो घाबरून पोत्याच्या पाया पडला, मग आईच्या पडला, मग चुकून शेजारणीच्याही पडला. माझ्या वडलांना इतकं हसू आलं की त्यांचा राग तिथेच निम्मा उतरला. त्यांनी त्याला गिरणीवरून तुसाचं एक पोतं आणून दिलं आणि म्हणाले, "जावय, याला मारा. याला कोण खात नाय."

त्या वर्षी जत्रेतल्या आखाड्यावर वडील त्याला कुस्त्या बघायला घेऊन गेले. पैलवान शड्डू ठोकताना बघून हा उभाच राहिला. त्यांच्याकडेही लढतीआधी अस्साच दंड थोपटतात म्हणे. त्यानं शर्ट काढला आणि कडेनं असा शड्डू ठोकला की हलगीवाला वाजवायचा थांबला. पुढच्या जत्रेला गावच्या मंडळानं शेवटच्या कुस्तीनंतर एक मुक्क्यांची लढत ठेवली, गंमत म्हणून. मग ती गंमत दरसालची झाली. सापगावपासून मुरबाडपर्यंत जत्रांचे लोक बोलवायला यायचे. तो जिंकायचा, फेटा बांधून घ्यायचा, आणि हरलेल्याला स्वतः हात देऊन उठवायचा.

त्याची अट एकच असायची. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. त्याच्या खेळात पडलेल्याला एकदा दोन मिनिटं मिळतात. ती मागायची त्याच्या बाजूच्या माणसानं. पाणी मारायचं, शुद्धीवर आणायचं, आणि वेळेत उठला तर लढत पुढे चालू. वेळ बघणारंही तेच माणूस, आणि त्याचा शब्द शेवटचा. "आपला मानूस खोटा नाय बोलनार, म्हणून त्याला ठेवायचा," असं त्यानं पंचांना समजावलं होतं. आणि ते माणूस म्हणून त्यानं मला बसवलं. आखाड्याच्या दोरीला लागून एक बाई बसलेली आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी भावांनी माना फिरवल्या. मी मांडीवर मोबाइल ठेवून, त्यात वेळ लावून बसायचे, आणि खरं सांगते, मला ते मिरवायला आवडायचं.

सगळ्यात जास्त बदलले ते वडील. खुर्ची पहिल्या रांगेत, टोपी धुतलेली, आणि आल्यागेल्याला सांगणं, "आमचे जावय हायेत." नेपाळी हा शब्द त्या काळात आमच्या गावात ऐकू यायचा बंद झाला होता. मुक्केवाले जावई म्हणायचे. चहाच्या टपरीवर त्याला बाकड्यावर सरकून जागा करून द्यायचे. परक्या मुलखात माणसाला बसायला जागा मिळते, ती त्यानं आपल्या मुठींनी मिळवली होती. मला हे तेव्हाही कळत होतं. न कळता केलं असतं तर आज एवढं बोचलं नसतं.

शेवटच्या लढतीच्या दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याचा डावा कान काम करेनासा झाला होता. भाकरीचा तुकडा मोडताना बोटं पुरती मिटत नव्हती. मी नको म्हणत होते, आणि त्यानं परस्पर वडलांना होकार देऊन टाकला होता. मला विचारलंही नाही, याचा मला संताप आला होता. "मरा जाऊन तिकडं," असं मी म्हणाले. तो पट्ट्या घडी करून खिशात घालत होता.

समोर कल्याणच्या व्यायामशाळेतला एक उंच गडी होता. बराच वेळ बरोबरीचं चाललं. मग एक ठोसा कानाजवळ बसला आणि माझा नवरा तोंडावर मातीत पडला. हललाच नाही. मी हात वर केला, "टाइम!" म्हणून ओरडले, पंचांनीही हात वर केला. पण आमच्या लोकांनी जन्मभर कुस्त्या बघितलेल्या. माणूस खाली गेला म्हणजे निकाल लागला, हे त्यांच्या हाडात आहे. माणसं दोरीखालून आत घुसली, त्या गड्याला फेटा बांधला, खांद्यावर घेतला, हलगी लागली आणि वाजतगाजत सगळे देवळाकडे निघाले. पंच नको नको म्हणत होते, त्यांनाही ओढत नेलं. वडील खुर्चीत खाली मान घालून बसले होते. आखाड्यात मी आणि तो, एवढेच उरलो.

मी डोक्यावर पाणी ओतलं. तो हलला. कोपरावर आला, गुडघ्यावर आला, आणि उभा राहिला. पाय ठाम होते. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यात माती. त्यानं मुठी वर घेतल्या आणि समोरचा माणूस शोधायला लागला.

"टाइम हाय गो?" त्यानं विचारलं.

मोबाइल माझ्या हातात होता. अर्धी वेळ शिल्लक होती. मिरवणूक अजून पिंपळापर्यंतही गेली नव्हती. मी धावत गेले असते, ओरडले असते, तर पंच परत आले असते.

"संपला," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे एका डोळ्यानं जेवढं दिसत होतं तेवढं. मुठी खाली केल्या. आणि लगेच, तिथेच उभ्याउभ्या पट्ट्या सोडायला लागला.

कुणी ऐकलं तर म्हणेल, जिवाच्या भीतीनं केलं असेल. भीती होतीच. पण सकाळचा रागही होता, आणि त्या गर्दीमागे बाईमाणसानं बोंबलत धावायचं याची लाजही होती, त्या गर्दीत माझे भाऊही होते. या तिन्हींत कोणतं जास्त होतं ते मी अनेकदा तपासलं. दरवेळी लाजच जास्त निघते, आणि तेच मला सहन होत नाही.

त्यानंतर तो लढला नाही. बोलवायला आलेल्यांना सांगायचा, "पडलो, टाइमात उठलो नाय. आता शरीर संपला." वडील जत्रेला जायचे, पण मागे, नारळवाल्यांच्या बाजूला उभे राहायचे. वर्षा-दोन वर्षांत टपरीवरची जागाही गेली आणि तो पुन्हा गोदामावरचा नेपाळी झाला. एकदाही त्यानं माझ्यावर शंका घेतली नाही. उलट कुणी म्हणालं, बायकोनं थोडी वेळ वाढवून द्यायची होती, तर चिडायचा. "ती तशी नाय," म्हणायचा. हे ऐकून मी आत जाऊन उगाच भांडी घासायचे.

यंदा त्याच्या भावाचा पत्ता लागला. त्याच्या मुलखातल्या कुणीतरी भावाला आमचा नंबर दिला, आम्हालाही तसं कळवलं, आणि म्हातारा फोन करायला लागला. आणि हा उचलेना. वाजला की पालथा घालायचा. आधी मला वाटलं, वाईट बातमीची भीती असेल. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही ओटीवर वाल सोलत बसलो होतो. त्याच्या बोटांतून शेंगा निसटतात, तरी तो बसतो. फोन पुन्हा वाजला.

"उचला की," मी म्हणाले. "सख्खा भाऊ हाय तुमचा."

"उचलून काय सांगू? त्यो पयला हेच इचारनार, शेवटची लढत कशी झाली. त्यानं मला येकच शिकवला होता गो, पडला तरी उठायचा. मी नाय उठलो, ह्ये सांगू त्याला?"

म्हणजे इतकी वर्षं त्यानं भावाचा शोध का घेतला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. मी समजत होते तिकडे फोन लागत नसतील.

मी सांगून टाकलं. तयारी अशी नव्हतीच. "टाइम संपला नव्हता. निम्मा बाकी होता. मी खोटा बोलले तुमाला."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी वाट बघत होते. टोपली लाथाडील, उठून जाईल, निदान हात तरी उगारील. माझी हरकत नव्हती.

"म्हंजे मी उठलेलो?"

"हां."

"टाइमात?"

"टाइमात. चांगला उभा होतात."

तो हसायला लागला. गोदामात डबा सांडला होता तेव्हाही एवढा हसला नव्हता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसतोय. मग त्यानं फोन उचलला आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या भाषेतलं मला थोडं समजतं, पण त्याची गरज पडली नाही. तो ओटीवर पालथा पडला, कोपरावर आला, गुडघ्यावर आला, उभा राहिला, मुठी वर केल्या. पलीकडून म्हातारा ओरडत होता. माझा समज होता की मी त्याच्या चार-दोन लढती हिरावून घेतल्या. मी त्याचा भाऊही घेतला होता, आणि तो स्वतःला रोज आरशात पडलेला बघत होता, मला सकाळचा चहा करून देत होता.

मग त्यानं फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर दात पडलेला एक म्हातारा दोन्ही हात जोडून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकला. मला. मी गोंधळून हात जोडले.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगितलंत त्यास्नी?"

"सांगितला, ही लय ओरडली. उठला, उठला, करून मिरवणुकीच्या मागं पळाली. पन हलगीच्या आवाजात कोनाला ऐकू नाय गेला."

एवढं बोलून त्यानं वालाची टोपली पुढे ओढली. मीही सोलायला लागले. पुढच्या किती शेंगा मी न बघताच सोलल्या कोण जाणे, दाणे सालींत आणि साली दाण्यांत पडत होत्या, आणि तो त्या वेचून वेगळ्या करत होता.